परसांतील संत्रें

घराच्या परसांत हौसेनें लावलेल्या संत्र्याच्या झाडाची कहाणी नगरकडे पुष्कळदां एकाच वळणानें जाते. पहिलीं दोनतीन वर्षें झाड हिरवेंगार वाढतें. मग पानें पिवळीं पडतात, शेंडे वाळूं लागतात. घरधनी चिंतावतो आणि दोन बादल्यांच्या ठिकाणीं चार बादल्या पाणी ओतूं लागतो. वर्षभरांत झाड मरतें, आणि दोष नगरच्या हवेवर येतो. वास्तविक पुष्कळदां तें झाड तहानेनें नव्हे, तर पाण्यानें मेलेलें असतें.

हवेला बोल लावण्याचें कारण नाहीं. नागपूरचें म्हणून गाजलेलें संत्रें रघूजी भोसल्यांनीं औरंगाबादेकडून तिकडे नेलें, असें परंपरा सांगते. तें खरें धरलें, तर या फळाचें जुनें घर नगरच्या शेजारचेंच. शिवाय बागाइताची विद्या नगरला नवी नाहीं. वर्षाकांठीं जेमतेम 22-23 इंच पाऊस पडणाऱ्या या गांवीं निजामशाहीनें कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनीं पाणी आणून बागा फुलविल्या.

पाणी आणणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तें वाहून जाऊं देणें महत्त्वाचें, हा धडा मात्र याच जिल्ह्याला पुढें मिळाला. 1926 सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें आणि प्रवरेच्या कालव्यांवर राहुरी-श्रीरामपूरकडे ऊंस, मोसंबी, संत्रीं डोलूं लागलीं. पण जेथें निचरा नव्हता, तेथें जमिनीच्या पोटांतील पाणी वर चढलें. कांहीं काळ्या जमिनी पाणथळ व चोपण झाल्या. लिंबूवर्गीय बागांचा ऱ्हास हा इतका मोठा प्रश्न ठरला, कीं श्रीरामपूर येथें त्यावर खास संशोधन करावें लागलें.

याचें कारण सोपें आहे. संत्र्याचीं अन्न घेणारीं बारीक मुळें बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली, कीं तीं गुदमरतात, त्यांना बुरशी लागते व तीं कुजतात. कुजलेलें मूळ पाणी शोषूं शकत नाहीं. म्हणून पाण्यांत उभें असलेलें झाड तहानलेल्यासारखें मलूल दिसतें. येथेंच घरधनी फसतो.

यासाठीं रोप आणण्यापूर्वीं जागेची परीक्षा करावी. तीन फूट खोल खड्डा खणून तो पाण्यानें भरावा. दुसऱ्या दिवशींही पाणी तसेंच असेल, तर ती जागा सोडावी. तळाशीं मुरूम लागला, तर उत्तम. मातीवर थोडा शिरका टाकून ती फसफसली, तर तींत चुनखडी आहे असें समजावें. अशा जमिनींत झाडाला लोह मिळत नाहीं आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळें पडतें. तेथें जंबेरीच्या खुंटापेक्षां रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेलें कलम बरें.

लावतांना डोळा जमिनीपासून वीतभर उंच राहिला पाहिजे. तो मातींत गाडला, तर बुंधा कुजण्याची भीति असते. डोळ्याखालून येणारी फूट दिसतांच काढावी. ती जोमदार म्हणून कौतुकानें राखली, तर संत्रें मागें पडतें आणि पांच वर्षें वाट पाहून हातीं खुंटाचीं आंबट फळें येतात.

पाणी बुंध्याशीं ओतूं नये. बुंध्याभोंवतीं मातीची भर देऊन तिच्याबाहेर दुसरें आळें करावें व तें झाडाच्या घेराबरोबर वाढवीत न्यावें. पावसाळ्याच्या आधीं व नंतर एक भाग मोरचूद, एक भाग चुना व दहा भाग पाणी यांचा लेप बुंध्याला तीन फुटांपर्यंत लावावा. कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली, तर ती हातानेंच वेंचून टाकावी. ती फुलपाखराची अळी असून लहान रोप पार ओरबाडून टाकते.

झाड पांच वर्षांचें झालें, म्हणजे आंबेबहारासाठीं डिसेंबरांत पाणी तोडावें. हलक्या जमिनींत तीनचार आठवड्यांत पानें मलूल होतात. भारी जमिनींत अधिक दिवस लागतात. मग शेणखत घालून प्रथम हलकें पाणी द्यावें. फुलें येतात आणि आठनऊ महिन्यांनीं फळ पिकतें. हा उपवास पाहून घरांतील मंडळींचा जीव कळवळतो. पण त्याच्यावांचून बहार एकदम धरत नाहीं.

सारांश, संत्र्याला माया हवी, पण ती डोळस हवी. सकाळीं बादली उचलण्यापूर्वीं घरधन्यानें आळ्यांतील माती चार बोटें उकरून पाहावी. ती ओली लागली, तर बादली तशीच खालीं ठेवावी. परसांतलें झाड वांचविण्यास पुष्कळदां एवढेंच पुरतें.