जुने खेळ आणि त्यांचे मोल



खेळून झालेल्या व्हिडिओ गेमची तबकडी विकण्याच्या अमेरिकेत दोन वाटा आहेत. ती गेमस्टॉपसारख्या दुकानात द्यावी, किंवा १९९५ साली निघालेल्या ईबेवर आपणच विकावी. दुकानदार रोख थोडी देतो. त्याच्याच दुकानात खर्चायची पत घेतली तर काहीसे अधिक. तीच तबकडी तो चढ्या भावाने विकतो. याला आम्ही लूट म्हणणार नाही. दुकानाचे भाडे, नोकरांचा पगार आणि पडून राहणाऱ्या मालाची जोखीम त्याच्या शिरावर असते. स्वतः विकणाऱ्यास भाव बरा येतो; पण छायाचित्रे, टपालखर्च, ईबेचे कमिशन आणि खोट्या तक्रारीची धास्ती पदरी पडते. म्हणून स्वस्त खेळांचा गठ्ठा दुकानात द्यावा, दुर्मिळ खेळ स्वतः विकावा, हा हिशेब आम्हांस पटतो.

परंतु तबकडीच नसेल तर? २०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनच्या खेळांच्या फेरविक्रीवर बंधने जाहीर केली. ग्राहक खवळले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती मागे घ्यावी लागली. आज मात्र पुष्कळ खेळ इंटरनेटवरून थेट यंत्रात उतरतात. त्यांचे दाम पुरे मोजूनही ते पुन्हा विकता येत नाहीत. कमी भावाबद्दल कुरकुरणारा निदान मालक तरी असतो. ती मालकी टिकते की नाही, याचीच चिंता आपण आधी करावयास हवी.