विंचवाचा दंश आणि संदर्भांचा माग



भाताचा पेंढा उपसताना किंवा सरपणात हात घालताना तांबडा विंचू डसला, म्हणजे घरात कशी धावपळ उडते हे मी तुम्हांला सांगायला नको. कोणी मांत्रिकाकडे धावतो, कोणी पाला चोळतो. नुसत्या वेदना माणूस सोसतो. पण दरदरून घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय दिसले, की विषाचा मारा हृदयावर होऊ लागला असे समजावे आणि तडक दवाखाना गाठावा. आता प्रश्न असा, की तिथल्या डॉक्टराने औषध ठरवायचे ते कशाच्या आधारावर?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने खाली गेले, की पेण, कोलाड, माणगाव मागे टाकून महाड लागते. तिथल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रोगी पाहून १९८२ साली विलायतेच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात लक्षणे लिहून कळवली. १९८६ साली त्याच नियतकालिकात रक्तदाबावरच्या प्राझोसिन या औषधाचा गुण मांडला. पुढे २०११ साली दुसऱ्या एका ब्रिटिश नियतकालिकात ७० रोग्यांचा हिशेब आला: प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिविष लसही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८.

पण एका गावच्या अनुभवावर जगभरचा उपचार ठरत नाही. म्हणून जाणती मंडळी त्या विषयावरचे सगळे लेख गोळा करून, पारखून, पद्धतशीर आढावा लिहितात. यात एखादा महत्त्वाचा लेख सुटला, तर निष्कर्षच लंगडा होतो. आणि लेख सुटतात ते बहुधा नावामुळे! याच विंचवाला शास्त्रज्ञ आधी ‘ब्यूथस’ म्हणत, मग ‘मेसोब्यूथस’ म्हणू लागले, आता ‘हॉटेन्टोटा’ म्हणतात. १९८२ च्या लेखाच्या मथळ्यात तर नुसता ‘तांबडा विंचू’ आहे. पनवेलचे जुने कागद ‘रायगड’ नावाखाली शोधणाऱ्याची अशीच फसगत होईल. १९८१ पर्यंत आपला जिल्हा कुलाबा होता.

मग करावे काय? आपला सातबारा आठवा. त्यावर फेरफाराचा क्रमांक असतो. तो धरून तलाठ्याकडे गेले, की जमीन कोणाकडून कोणाकडे आली हे कळते. लेखाच्या शेवटी दिलेले संदर्भ म्हणजे असेच फेरफार. ते धरून मागे जाता येते. पण पुढेही जाता येते, आणि खरी गंमत तिथेच आहे: १९८६ च्या लेखाचा आधार नंतर कोणकोणी घेतला, हे पाहायचे. विंचवाचे नाव बदलो, देश बदलो, धागा तुटत नाही.

पुढे जाण्याची ही सोय पहिल्यांदा वकिलांना मिळाली. जुन्या निवाड्याचा आधार पुढे कुठे घेतला गेला, याची सूची अमेरिकेत शेपर्ड नावाच्या गृहस्थांनी १८७३ पासून छापली. तीच कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली विज्ञानासाठी सुचवली, आणि १९६० नंतरच्या दशकात तशी सूची काढलीही. आज हे काम संगणक क्षणात करतो. आढाव्यात असा शोध कसा घ्यावा आणि कसा नोंदवावा, याच्या शिफारशी २०२४ साली प्रसिद्ध झाल्या आहेत.

याचा उपयोग किती? इंग्लंडात ग्रीनहाल्श आणि पीकॉक यांनी २००५ साली एका मोठ्या आढाव्याचा हिशेब दिला. ४९५ लेखांपैकी आधी आखलेल्या शोधातून मिळाले ३० टक्के. संदर्भांचा माग काढत गेल्यावर ५१ टक्के. शिक्षकमित्रांनो, नुसत्या शब्दांवर विसंबून चालत नाही ते यामुळे.

तरी या वाटेलाही खोट आहे. ज्याचा बोलबाला झाला, त्याचाच आधार जो तो घेतो. खेड्यातल्या डॉक्टराने कुठल्या लहानशा मासिकात लिहिलेल्या चार ओळींचा उल्लेख कोणीच केला नसेल, तर कोणताही माग तिथवर पोचत नाही. तिथे माणसालाच गाठून विचारावे लागते. त्या ४९५ मधले २४ टक्के लेख असेच, स्वतःच्या माहितीतून आणि ओळखीच्या माणसांकडून मिळाले होते.