पंगतीतली रिकामी जागा

सहकारी दंतवैद्यहो आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

या अधिवेशनात सुरुवातीला एका बाईंविषयी सांगते.

एका शिबिरात पन्नाशीच्या एक बाई आल्या. खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी गेलेल्या, वरच्या हलत होत्या, दातांवर मिश्रीचे काळे डाग. मी तपासलं, कार्डावर आकडे लिहिले आणि विचारलं, "काय त्रास होतो?" "काही नाही," म्हणाल्या. मग चपला घालता घालता आमच्या मदतनीस मावशींना सहज सांगून गेल्या, "चार वर्षं झाली, पंगतीला बसले नाही." त्यांना चावायला वेळ लागतो. सगळ्यांची पानं रिकामी होतात, पंगत त्यांच्यासाठी खोळंबते आणि लोक त्यांच्या पानाकडे बघत बसतात. म्हणून लग्नकार्यात त्या वाढायला उभ्या राहतात आणि घरी जाऊन दूधभात कालवून खातात. भावकीत त्यांचं कौतुक होतं, बाई किती कामसू!

माझ्या कार्डावर यातलं एक अक्षर नव्हतं. लिहायला जागाच नव्हती.

किडलेले, काढलेले आणि भरलेले दात मोजून बेरीज करण्याची पद्धत क्लाइन, पामर आणि नटसन यांनी १९३८ साली अमेरिकेत मांडली. ती मी शिकले, शिकवली, आणि रोगाचा पसारा समजायला ती आजही लागते. पण त्या बेरजेत रात्रभर ठणकणारा दात एक, आणि नीट भरून शांत झालेला दातही एकच. माणूस त्या बेरजेत कुठेच येत नाही. १९७६ साली कोहेन आणि जागो यांनी ही उणीव बोलून दाखवली. १९८८ साली टोरांटोच्या डेव्हिड लॉकर यांनी रोगापासून वेदना, वेदनेपासून अडचण, आणि अडचणीपासून चारचौघांतून मागे सरणं, अशी साखळी मांडली. आमच्या बाई त्या साखळीच्या शेवटच्या कडीवर उभ्या होत्या.

पुढचं काम ऑस्ट्रेलियात ॲडलेडला झालं, आणि त्याची रीत मला फार मोलाची वाटते. स्लेड आणि स्पेन्सर यांनी ६४ रुग्णांना बोलतं केलं. त्या बोलण्यातून ५३५ वाक्यं निघाली. ती चाळत, गाळत १९९४ साली ४९ प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली आणि १९९७ साली तिची १४ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. 'कधीच नाही'ला शून्य, 'फार वेळा'ला चार. सगळे मिळून जास्तीत जास्त ५६ गुण. आज जगभर वापरली जाणारी ही मोजपट्टी रुग्णांच्या तोंडच्या भाषेतून निघाली आहे.

आपण मात्र तिचं भाषांतर करतो आणि काम झालं असं मानतो. वृद्धांसाठी १९९० साली केलेल्या दुसऱ्या एका प्रश्नावलीत चावण्याची अडचण विचारताना उदाहरणं आहेत टणक मांस आणि सफरचंदाची. आपल्या शिवारातल्या आजोबांना मी काय विचारू? शिळी भाकरी चावते का, ऊस सोलता येतो का, हुरडा खाता येतो का, शेंगदाण्याचा कूट करून द्यावा लागतो का, हे विचारलं की ते भडाभडा बोलतात. त्याच प्रश्नावलीत दातांना 'हॉट' सोसतं का, असं आहे. तिथे अर्थ गरम असा आहे. आपल्याकडे मात्र तिखटाचा वेगळा प्रश्न हवा, कारण सुपारी, गुटखा आणि विदर्भातला खर्रा खाणाऱ्यांची पहिली तक्रार 'तिखट झोंबतं' हीच असते. मग गालाचं अस्तर पांढुरकं, ताठर होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. आपण मिलिमीटर मोजतो. एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, पाणीपुरी अख्खी जात नाही." मित्रांबरोबर गाडीवर जाणं त्याने बंद केलं होतं. ॲडलेडच्या चौदा प्रश्नांत ना तिखट आहे, ना तोंड उघडणं.

दुखण्याचंही तसंच. आपल्या भाषेत दाढ ठणकते, कळ मस्तकात जाते, हिरडी ठुसठुसते, गार पाण्याने दात शिवशिवतात, कैरीने आंबतात. यातल्या प्रत्येक शब्दामागे वेगळं निदान उभं असतं आणि वेगळी रात्र. भाषांतरात या सगळ्यांचं एकच 'दुखणं' होतं. हे नुकसान मला सोसत नाही.

एक धोका मात्र विसरू नका. "वय झालं की दात जायचेच" असं मानलेला माणूस प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही' म्हणेल. त्याचे गुण शून्य येतील आणि कागदावर तो सुखी दिसेल. त्या बाईंचं "काही नाही" हे तसंच शून्य होतं. कमी गुण म्हणजे कमी गरज, असा अर्थ कुणी योजनेच्या फायलीत लावू लागलं तर आपण ठामपणे अडवलं पाहिजे. तपासणी आणि प्रश्न जोडीनेच वाचायचे. लंडनचे ऑब्री शीहॅम यांनी उपचारांची गरज ठरवताना हीच जोड आयुष्यभर लावून धरली. थायलंडमध्ये अदुल्यानोन यांच्याबरोबर त्यांनी केलेली प्रश्नावली थेट रोजचे व्यवहार विचारते: खाणं, बोलणं, दात घासणं, झोप, हसणं, माणसांत मिसळणं. तीही नुसतं 'त्रास आहे का' न विचारता, किती वेळा आणि किती तीव्र, हे विचारते. मला ती आपल्या गावांना अधिक जवळची वाटते.

आपल्या शिबिरांचे अहवाल वाटलेल्या कवळ्यांचा आकडा देतात. महिन्याभराने ती कवळी तोंडात आहे की फडताळातल्या वाटीत, हे कोण विचारतं? तोच प्रश्न आधी आणि तोच नंतर विचारला, तरच आपल्या उपचाराने काय बदललं ते कळेल.

म्हणून आजच सुरुवात करू. तुमच्या प्रत्येकाच्या पिशवीत एक कोरा कागद ठेवला आहे. दातांमुळे काय करायचं सोडलं, याबद्दल एखाद्या रुग्णाने सांगितलेलं वाक्य आठवून जसंच्या तसं लिहा. शुद्धलेखन सुधारू नका, गावचा शब्द प्रमाण करू नका. नाव नको, वय आणि तालुका पुरे. कोकणातले, मराठवाड्यातले, खानदेशातले, गोव्यातून आलेले, सगळ्यांनी लिहा. चहाच्या टेबलापाशी पेटी आहे, आणि उद्या दुपारच्या सत्रात आपण ती सगळी वाक्यं मोठ्याने वाचणार आहोत.