खुन्यास रजा असावी काय?

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी बोरी येथे केलेले भाषण)



महोत्सवाची आमंत्रणे छापावयास दिली त्याच दिवशी एक वृद्ध माता आमच्याकडे आली. काही वर्षांपूर्वी तिच्या मुलाचा खून झाला. खुनी जन्मठेप भोगीत आहे. तिने एवढेच विचारले, "फादर, त्याला रजा भेटली म्हनं. माझ्या लेकराला मातीतून कोन रजा देईल?" आज मंदिराच्या इतिहासाविषयी बोलावे असे आम्ही योजिले होते, परंतु तो प्रश्न मागे सारून बोलणे आम्हांस जमेना.

शिवाय ज्युबिली म्हणजे केवळ पताका व जेवणावळ नव्हे. लेवीयाच्या ग्रंथात पन्नासावे वर्ष हे मुक्ततेचे वर्ष ठरविले आहे, आणि प्रभूनेही नासरेथच्या सभास्थानात बंदिवानांच्या सुटकेचाच उतारा वाचिला. २०२४ च्या नाताळानंतर पोप फ्रान्सिस यांनी ज्युबिलीचे एक पवित्र द्वार रोमच्या रेबिबिया तुरुंगात उघडले, ते याच कारणास्तव. तेव्हा हा विषय आजच्या दिवसास परका नाही.

प्रथम शब्दांचा घोळ निवारू. आपल्याकडे नियमांनुसार बंद्यास दोन प्रकारच्या रजा मिळतात. संचित रजा, म्हणजे फर्लो, ही चांगल्या वर्तनाने मिळवावयाची. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, ही घरातील आजार, मृत्यू अशा कारणांसाठी. तिचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. कायमची सुटका ही तिसरीच गोष्ट. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे अशी जी समजूत बाजारात व बसगाडीत ऐकू येते ती चुकीची आहे. गोपाळ गोडसे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली स्पष्ट केले की, सरकारने सूट न दिल्यास जन्मठेप ही मरेपर्यंतची होय. १९७८ साली कायद्यात घातलेली चौदा वर्षांची अट खुन्यास किमान किती वर्षे ठेवावे एवढेच सांगते. त्यानंतर सोडावेच असे म्हणत नाही.

आता आमचे मत. सेमिनरीत आम्हांस शिकविले की पश्चात्तापास दुःख, कबुली आणि प्रायश्चित्त ही तिन्ही लागतात. पैकी प्रायश्चित्तास काळ लागतो. शिक्षा सुनावण्याच्या दिवशी न्यायाधीशापुढे जो मनुष्य उभा असतो, तोच वीस वर्षांनी असेल की नाही हे त्या दिवशी कोणासही कळत नाही. म्हणून विचार होण्याचा हक्क कोणाही खुन्याचा कायमचा बंद होऊ नये असे आम्ही मानतो. विचार होणे म्हणजे सुटणे नव्हे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून बंद्यांस बायकामुलांसह शेती करू दिली. आपल्या मराठवाड्यातही पैठणचे खुले कारागृह आहे. विश्वासाची परीक्षा होते ती अशीच, हळूहळू.

कोणी म्हणेल, कोल्हापूरच्या त्या बहिणींचे काय? रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी लहान बालके पळविली व त्यांतील अनेकांचे जीव घेतले. दयेच्या अर्जावर सरकारने विलंब लाविला म्हणून २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. ती बालके डोळ्यांपुढे आली म्हणजे आमचाही हात थांबतो, हे आम्ही लपवीत नाही. तेथे विचार व्हावा, आणि उत्तर नाही असेच यावे, असेही होऊ शकते.

क्षमेची गोष्ट निराळी. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांस समंदर सिंग याने बसमधून ओढून भोसकून ठार केले. त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ च्या रक्षाबंधनास तुरुंगात जाऊन त्यास राखी बांधिली. कुटुंबाने त्याच्यासाठी शब्द टाकिला, आणि २००६ साली तो सुटला. २०१७ साली इंदूर येथे राणी मारिया यांस धन्यवादित घोषित करण्यात आले.

ही कथा आम्ही त्या मातेस सांगितली. आम्ही चुकलो. सेल्मी पॉल यांनी दिले ते दान होते, आणि दान आम्ही वसूल करावयास निघालो होतो. तिचा हक्क त्याआधीचा आहे. रजा देण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, तो कोणत्या दिवशी येणार हे तिला आधी कळवावे, आणि त्याने गावात कोठे राहू नये हेही तिला विचारावे. तो अकस्मात बाजारात तिच्यापुढे उभा राहावा, ही दुसरी शिक्षा तिला कोणी ठोठाविली?

ती आज येथे आलेली नाही. उद्याच्या मिस्सात मुलाचे नाव घ्यावे असे तिने सांगून ठेविले आहे, ते आम्ही घेऊ. दुसरे नाव घ्यावे काय, असे आम्ही विचारिले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि "अजून नको" म्हणाली. तेही आम्ही पाळू.