भीमाचे बळ आणि काळाची गती



मालगाडी ओढणारी डिझेल इंजिने आपण सर्वांनी पाहिली आहेत. ‘भीम’ मात्र फार थोड्यांच्या दृष्टीस पडला असेल. वाराणसीच्या डिझेल रेल्वे इंजिन कारखान्याने २०१२ साली बांधलेल्या ‘डब्ल्यूडीजी-५’ इंजिनाचे हे नाव. पूर्वीच्या ‘डब्ल्यूडीजी-४’ला १६ सिलिंडर आणि आरंभी ४,००० अश्वशक्ती होती, भीमाला २० सिलिंडर आणि ५,५०० अश्वशक्ती लाभली. तरीही ही इंजिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. पुढे २०१८ मध्ये उर्वरित ब्रॉडगेज मार्गांच्या विद्युतीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि भीमाची मोठी मालिका निघण्याची शक्यताच मावळली.

मग हा सारा खटाटोप वाया गेला काय? त्याचे मूळ तंत्रज्ञान अमेरिकेतील ‘इलेक्ट्रो-मोटिव्ह’ कंपनीचे होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु १९६४ पासून डिझेल इंजिने घडविणाऱ्या या कारखान्यातील कामगारांनी आणि अभियंत्यांनी आलेली विद्या आत्मसात केली. म्हणूनच २०१८ मध्ये जुन्या डिझेल इंजिनांचे विद्युत इंजिनात रूपांतर त्यांना साधले. आज ‘बनारस रेल इंजिन कारखाना’ या नावाने तेथे विद्युत इंजिने बांधली जातात.

यंत्रे बदलतात, हाती आलेले कसब पुढच्या यंत्राच्या कामी येते. स्वावलंबनाचे मूळ या कसबात आहे. आपल्या मुलांना यंत्रविद्येची गोडी लावूया, आणि एखादा तरी भीम रेल्वे संग्रहालयात जपला जावा, असा आग्रह धरूया.