हुजूरपक्ष, नागपूर आणि बैहर तहसील



विलायतेतल्या हुजूरपक्षाची, म्हणजे कॉन्झर्वेटिव्ह पक्षाची, राजकीय सुधारणांबद्दल काय मते होती, हे बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीत बसून ऐकायचे कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. पडायलाच हवा. पण या पट्ट्यातले मँगनीज ज्या कंपनीने अर्धशतकाहून अधिक काळ खणले, ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी इंग्लंडात नोंदलेली होती. १८९६ साली प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट म्हणून तिची सुरुवात झाली. १९६२ साली मॉइल ही सरकारी खाण कंपनी स्थापन झाली तेव्हासुद्धा ४९ टक्के भाग त्या कंपनीकडेच राहिले, ते सुटायला १९७७ उजाडले. १९३५ चा भारत सरकार कायदा लंडनमध्ये घडत होता, तेव्हा अशा विलायती कंपन्यांना इथल्या कायदेमंडळांनी सापत्न वागणूक देऊ नये म्हणून त्यात एक आख्खे प्रकरण घातले गेले. म्हणजे वेस्टमिन्स्टरमधल्या भाषणांचा तुमच्या खाणीच्या हजेरीपटाशी संबंध होता.

दुसरा संबंध माणसांचा आहे. हिंदुस्थानला किती अधिकार द्यावेत यावर हुजूरपक्षात १९३० नंतर जी भाऊबंदकी माजली, तिच्यातली काही ठळक माणसे आपल्या मध्यप्रांतातून गेलेली होती. चर्चिल सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याने गांधींना अर्धनग्न फकीर म्हटले तेही. त्याच्यावर आज वेळ घालवणार नाही. मला बोलायचे आहे ते सर रेजिनाल्ड क्रॅडॉकबद्दल.

क्रॅडॉक १८८४ साली सनदी नोकरीत आला. १८९० च्या दशकात नागपूर जिल्ह्याची जमाबंदी त्याने केली, तिचा अहवाल १८९९ साली छापला गेला. जमाबंदी म्हणजे गावोगाव फिरणे, मालगुजार किती घेतो, कुळाजवळ काय उरते, कोणत्या मातीत काय पिकते हे पाहणे. १९०७ ते १९१२ तो मध्यप्रांताचा चीफ कमिशनर होता, म्हणजे बालाघाट जिल्हाही त्याच्याच हाताखाली. पुढे तो हिंदुस्थान सरकारचा गृहसदस्य झाला. १९१३ साली अंदमानात सावरकरांना भेटलेला गृहसदस्य तो हाच. मग ब्रह्मदेशचे लेफ्टनंट गव्हर्नरपद आणि त्यानंतर निवृत्ती. स्वदेशी परतल्यावर १९२९ साली त्याने हिंदुस्थानच्या पेचावर जाडजूड पुस्तक लिहिले, १९३१ साली हुजूरपक्षातर्फे कॉमन्स सभेत निवडून आला आणि सुधारणांचा मसुदा तपासणाऱ्या संयुक्त प्रवर समितीत बसला. तिथे लॉर्ड सॅलिस्बरीच्या बरोबरीने त्याने शेवटपर्यंत विरोध केला.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. इंग्रजी शिकलेले मूठभर वकील म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खेड्यातल्या रयतेला मतपेटी नको आहे. तिला हवा आहे न्यायाने सारा ठरवणारा, दौऱ्यावर येणारा, तक्रार ऐकणारा अधिकारी. वेस्टमिन्स्टरची पद्धत शेकडो वर्षांत त्या मातीत वाढली, ती उपटून इथे लावली तर जगणार नाही, आणि जगलीच तर तिची फळे वकील, सावकार आणि मालगुजार खातील.

हे सगळे खोटे होते असे मला म्हणता येत नाही. १९१९ च्या कायद्याने ज्यांना मत दिले ते मालमत्तेवाले होते. नागपूरच्या कायदे कौन्सिलात शेतमजूर नव्हते, खाणकामगार नव्हते, गोंड तर नव्हतेच म्हटले तरी चालेल. नेमकी हीच तक्रार दुसऱ्या टोकाने डॉ. आंबेडकर करीत होते. सत्ता वरच्या थराच्या हाती जाईल, असे त्यांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे सांगितले. निदान तेच, पण औषध अगदी उलटे. क्रॅडॉक म्हणाला, सत्ता मूठभरांकडे जाईल, म्हणून देऊच नका. आंबेडकर म्हणाले, सत्ता मूठभरांकडे जाईल, म्हणून प्रत्येक प्रौढ माणसाला मत द्या. हुजूरपक्षाची सगळी पंचाईत या दोन वाक्यांमधल्या अंतरात आहे. रयतेच्या वतीने बोलायला त्यांना आवडे, रयतेने बोललेले चालत नसे.

आणि एक गंमत सांगतो. मूठभर सुशिक्षितांच्या हाती सत्ता नको म्हणणारा क्रॅडॉक स्वतः निवडून आला होता तो इंग्लंडातल्या संयुक्त विद्यापीठांच्या मतदारसंघातून! तिथे मतदार फक्त पदवीधर. घरच्या गावी एक मत, विद्यापीठात दुसरे. हे जादा मत १९४८ च्या कायद्याने मजूर सरकारने बंद केले.

आता हे केवळ हिंदुस्थानबद्दलचे वेडेपण होते की घरच्या सुधारणांनाही हा पक्ष असाच आडवा येई? येई, पण तऱ्हा निराळी. १८३० साली वेलिंग्टनने लॉर्ड्स सभेत सांगितले की आहे ती संसदीय रचना इतकी उत्तम आहे की तिला हात लावण्याची गरज नाही. महिना उलटायच्या आत त्याचे सरकार गेले आणि दोन वर्षांत सुधारणा कायदा झाला. त्याच पक्षाच्या डिझरायलीने १८६७ साली शहरी कामगारांपर्यंत मत नेले, उदारमतवादीही नेत नव्हते इतके पुढे. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले १९२८ साली, बाल्डविनच्या हुजूर सरकारात. आधी अडवायचे, मग अडवणे महाग पडू लागले की आपणच पुढाकार घ्यायचा, आणि वीस वर्षांनी ती आपल्या पक्षाची परंपरा म्हणून सांगायची. मी हे उपहासाने म्हणत नाही. पराभव पचवून उलटून न पडणारा पुराणमतवादी पक्ष असणे ही त्या देशाची मोठी कमाई आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांना ती लाभली नाही.

१९११ सालचे उदाहरण घ्या. लॉर्ड्स सभेचा नकाराधिकार काढून घेणारे विधेयक त्याच सभेपुढे आले. कडवे म्हणाले, खंदकात मरू पण मत देणार नाही. त्यांच्यात सॅलिस्बरी होता. दुसरा गट म्हणाला, विरोध केला तर राजा शेकडो नवे लॉर्ड निर्माण करील आणि उरलीसुरली प्रतिष्ठाही जाईल. तेव्हा गप्प बसा. या गटाचा म्होरक्या होता कर्झन, बंगालची फाळणी करणारा. १३१ विरुद्ध ११४ मतांनी विधेयक पार पडले. हाच कर्झन १९१७ साली मंत्रिमंडळात होता आणि ऑगस्टमधल्या भारतमंत्री माँटेग्यूच्या घोषणेत हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जे शब्द आले, ते त्याच्या लेखणीतून उतरले होते. आपण काय लिहून बसलो हे त्याला उमगले होते का, यावर इतिहासकार अजून भांडतात.

त्या शब्दांची पहिली परीक्षा आपल्या प्रांतात झाली. १९१९ च्या कायद्याने आणलेल्या द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती मंत्र्यांकडे आणि महसूल, पोलीस, तिजोरी ही राखीव खाती गव्हर्नरकडे. १९२३ च्या निवडणुकीत, कौन्सिलात शिरून ती आतून अडवू पाहणाऱ्या स्वराज्य पक्षाला निर्विवाद बहुमत मिळाले ते एकट्या मध्यप्रांतात. डॉ. मुंजे त्यांचे कौन्सिलातले पुढारी. १९२४ च्या आरंभी मंत्र्यांवर अविश्वास, मग अंदाजपत्रक नामंजूर, मंत्र्यांचा वार्षिक पगार दोन रुपये. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना सोपीव खातीही स्वतःकडे घ्यावी लागली. लंडनमधल्या क्रॅडॉकपंथीयांना हर्ष झाला: पाहा, यांना राज्य करता येत नाही. मुंज्यांनाही हर्ष झाला: पाहा, हे राज्यच नव्हे. दोघांनी एकाच घटनेतून आपापला पुरावा काढला.

पण पुढच्याच वर्षी स्वराज्य पक्षाचे अमरावतीचे श्री. बा. तांबे, जे कौन्सिलाचे अध्यक्ष होते, त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली. गदारोळ झाला. पक्षाचे पुढारी मोतीलाल नेहरू यांनी खडसावले. केळकर, जयकर, मुंजे, अणे यांनी प्रतियोगी सहकारितेचा वेगळा झेंडा उभारला. मिळेल ते घ्या आणि उरलेल्यासाठी भांडा, हे टिळकांच्या नावाने सांगितले गेलेले धोरण. आपल्याकडे या मंडळींना आजही अर्धवट देशभक्त म्हणण्याची रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते. कर्झनने १९११ साली लॉर्ड्स सभेत जे केले, त्याच हिशेबाचे हे पाऊल होते; तिथे त्याला मुत्सद्देगिरी म्हणतात. तांबे १९२९ साली काही महिने प्रांताचे हंगामी गव्हर्नरही झाले.

ते ज्यांच्या जागी बसले, ते गव्हर्नर सर माँटेग्यू बटलर. १९२५ ते १९३३ ते नागपुरात होते. कौन्सिलाशी रोज जुळवून घेणे, एखादा मंत्री फोडणे, एखाद्याला सांभाळणे हे त्यांचे काम. त्यांचा मुलगा रिचर्ड, हिंदुस्थानातच जन्मलेला, १९३२ साली तिशीच्या आतच लंडनच्या इंडिया ऑफिसात उपमंत्री झाला, आणि १९३५ चे विधेयक कॉमन्स सभेतून पार नेताना भारतमंत्री सर सॅम्युअल होर यांचा उजवा हात ठरला. बाप नागपुरात, मुलगा लंडनात, आणि समोरच्या बाकांवर नव्हे तर आपल्याच पक्षाच्या बाकांवर नागपूरचा माजी चीफ कमिशनर विरोधाला! एकाच प्रांताच्या अनुभवातून हुजूरपक्षाचे दोन सिद्धान्त निघाले. क्रॅडॉकचा: देऊ नका. बटलरांचा: द्या, पण कुलपाची किल्ली आपल्याजवळ ठेवा.

भांडण चुरशीचे झाले. ऑक्टोबर १९३४ मध्ये ब्रिस्टलच्या पक्ष अधिवेशनात सरकारी बाजू ५४३ विरुद्ध ५२० अशी जेमतेम २३ मतांनी तरली. डिसेंबरात पक्षाच्या मध्यवर्ती परिषदेत मात्र ११०२ विरुद्ध ३९० असा स्पष्ट कौल मिळाला. ऑगस्ट १९३५ मध्ये कायदा झाला. प्रांतांना स्वायत्तता, तीन कोटींच्या आसपास मतदार, आणि गव्हर्नरांच्या हाती विशेष जबाबदाऱ्यांची लांबलचक यादी.

त्या यादीतला एक कागद तुमच्या जिल्ह्याचा आहे. विधेयकात काही मुलूख नव्या कायदेमंडळांच्या कक्षेबाहेर ठेवायची तरतूद होती: वर्जित आणि अंशतः वर्जित क्षेत्रे. सरकारची यादी छोटी होती. मे १९३५ मध्ये सर एडवर्ड कॅडोगन या हुजूर सदस्याने, सायमन कमिशनवर बसलेल्या माणसाने, ती खूप वाढवावी अशी सूचना मांडली. मजूर पक्षाच्या वेजवुडनेही तोच सूर लावला. शेवटी १९३६ च्या हुकमात मध्यप्रांतातली जी नावे आली त्यांत मंडला जिल्हा, मेळघाट, भैंसदेही, अहेरीची जमीनदारी, आणि बालाघाट जिल्ह्यातली बैहर तहसील. प्रांताचा कायदा तिथे आपोआप लागू व्हायचा नाही. गव्हर्नर सांगेल तर आणि सांगेल तेवढाच. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेस भरली, खेड्यातली पहिली, आणि तिने ठराव करून या वर्जनाचा निषेध केला.

इथे मात्र क्रॅडॉकपंथीयांचा मुद्दा सर्वांत बळकट होता. बैहरच्या बैगा आणि गोंडांना नागपूरच्या वकिलांपासून, छिंदवाड्याच्या सावकारांपासून वाचवायला हवे, हे मंडल्यात राहणारा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विनही म्हणत होता, आणि तो काही हुजूरपक्षीय नव्हता. उलट मुंबईचे आपले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ सालच्या ग्रंथात एल्विनला कडाडून उत्तर दिले: हे लोक वेगळे कोंडून ठेवायचे नाहीत, ते हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत. मला दोघांचेही पुरते पटत नाही. एल्विनच्या आस्थेत बैगांना जसेच्या तसे जपून ठेवण्याची हौस होती, घुर्यांच्या युक्तिवादात त्यांना मागासलेले ठरवण्याची घाई. बैगांना विचारले कोणी? ज्या सरकारला त्यांच्या संरक्षणाचा इतका कळवळा, त्याच सरकारच्या जंगलखात्याने त्यांची बेवर, म्हणजे जंगल जाळून केलेली फिरती शेती बंद पाडली होती. संरक्षण हुजुरांचे, जंगल सरकारचे.

स्वातंत्र्यानंतर आपण काय केले? संविधान सभेने ठक्करबाप्पांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली, आणि अंशतः वर्जित क्षेत्रांची कल्पना पाचव्या अनुसूचीत आली. अमुक कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू नाही, किंवा फेरफारासह लागू, असे जाहीर करण्याचा अधिकार आजही राज्यपालाकडे आहे. बैहर आजही त्या यादीत आहे, आणि तिरोडी नाही. १९३५ साली हुजूरपक्षाने घडवलेले हत्यार आपण मोडले नाही, मूठ बदलली. ते बरे केले असे माझे मत आहे, कारण जमिनी गिळणारे नागपूर किंवा भोपाळ लंडनइतकेच परके ठरू शकते.

क्रॅडॉक आणि आंबेडकर यांच्यातला तो जुना तंटा या प्रश्नावर सुटायला आणखी साठ वर्षे गेली. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याने, निर्णयाचा अधिकार राज्यपालाकडून ग्रामसभेकडे सरकवायला सुरुवात केली, म्हणजे रयतेच्या वतीने बोलण्याऐवजी रयतेला बोलू देण्याची. मध्यप्रदेशने त्याचे नियम लागू केले १५ नोव्हेंबर २०२२ रोजी, कायद्यानंतर २६ वर्षांनी. घाई नको, असे सांगणारा हुजूरपक्ष आपल्याकडेही आहे, फक्त त्याला तसे नाव नाही. पेसाखाली ग्रामसभेची शिफारस घ्यावी लागते ती गौण खनिजांसाठी: वाळू, मुरूम, गिट्टी. मँगनीज त्या यादीत येत नाही.