घर घेण्याआधी घराची तपासणी
(अहमदाबाद येथे गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



भेंडी घेताना आपण टोक मोडून पाहतो, नारळ कानाशी धरून हलवतो. पण आयुष्याची पुंजी ओतून घर घेताना दोनदा फेरी मारतो, हवा-उजेड पाहतो आणि टोकन देऊन मोकळे होतो. स्थापत्य अभियंता म्हणून मी घरांच्या तपासणीचे काम करतो, म्हणून आज याविषयी चार शब्द.

बरेच जण म्हणतात, "बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे घर चांगलेच असणार." बँकेचा माणूस येतो तो घराची किंमत ठरवायला आणि वकील पाहतो ती कागदपत्रे. भिंतीत मुरलेले पाणी पाहणे हे दोघांचेही काम नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साध्या काळजीने न कळणारा मोठा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. म्हणजेच जो दोष नीट पाहिल्यावर दिसला असता, त्याबद्दल नंतर तक्रार करणे अवघड.

आपल्यातल्याच एका कुटुंबाने जुना फ्लॅट पसंत केला होता. नवा रंग, सुंदर फॉल्स सीलिंग. आम्ही दिव्याची खाच उघडून आत टॉर्च मारला, तर वरच्या बाथरूमची गळती, स्लॅबचा पोपडा सुटलेला आणि गंजलेल्या सळया उघड्या. घरमालक दुरुस्तीला राजी नव्हते. वहिनींचा जीव त्या गॅलरीत अडकला होता, तरी त्यांनीच "नको" म्हटले. पैसे वाचलेच, पण त्या स्लॅबखाली त्यांच्या मुलांची खोली होणार होती, हे महत्त्वाचे.

तपासणीत आम्ही काय करतो? ओलावा मोजण्याच्या यंत्राने भिंती पाहतो. फरशा ठोकून पोकळ आवाज ऐकतो. बाथरूममध्ये पाणी ओतून उतार तपासतो. अर्थिंग आणि शॉकपासून वाचवणारा स्विच चालतो का, हे पाहतो. नळाला दाब किती, बोअरचे पाणी किती खारे, गच्चीला तडे आहेत का, तेही पाहतो.

या शहराला खांबांविषयी वेगळे सांगायला नको. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र भूजजवळ, इथून दोनशे किलोमीटरहून लांब होते. तरीही इथल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले, ही रचना त्यात फार घातक ठरली. त्यामुळे २००१ पूर्वीच्या इमारतीत घर घेताना आधी पार्किंगमध्ये जा. खांबांना तडे आहेत का, वर नंतर मजला किंवा टाकी चढवली आहे का, ते पाहा. शंका आली तर स्ट्रक्चरल इंजिनियरचे मत घ्या.

नवीन घर असेल, तर बी.यू. परमिशन मागा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ताबा घेतानाच्या तपासणीचा फोटोंसह अहवाल असला, तर हा हक्क मागणे सोपे जाते.

तपासनीस मात्र आपला आपण निवडावा. दलालाने किंवा बिल्डरने सुचवलेला नको. तपासणी बानाखताआधी करावी आणि ठरलेली दुरुस्ती बानाखतात लिहून घ्यावी. त्याची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते.

शेवटी एक सूचना. अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात आपल्यातले बरेच जण व्यवहार करत नाहीत; पण घर पाहायला तोच काळ उत्तम. पावसाळ्याची ओल भिंतीत ताजी असते आणि दिवाळीचा रंग अजून लागलेला नसतो. तेव्हा पितृपक्षात तपासा आणि दसऱ्याला निश्चिंत मनाने बोलणी करा.

विघ्नहर्ता पाठीशी आहेच, पण टॉर्च आपल्यालाच हातात धरावा लागतो. गणपती बाप्पा मोरया!